उन्हाचा हिशेब ठेवणाऱ्या बाई

आमच्या घोडबंदर रोडला सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगच्या भांडणानंतर सध्या नंबर दोनचा विषय म्हणजे सोलर. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, या सगळ्याचं कॉमन मीटरचं बिल बघून कमिटीचे डोळे पांढरे होतात, मग कोणीतरी पीएम सूर्यघरची सबसिडी शोधून काढतं (सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार), मग व्हेंडर येतो, टेरेसवर टेप लावतो आणि सांगतो की वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट धरून चाला, पावसाळ्यात कमी. सगळे माना डोलावतात. टेरेस नक्की कोणाचं यावर अख्खी मीटिंग खाणारे आपण, पण हा चारचा आकडा आला कुठून हे कोणी विचारत नाही.

ऊन मोजल्याशिवाय तो आकडा येत नाही. आता सॅटेलाइट आहेत, मान्य, पण सॅटेलाइट वरून ढग आणि हवा बघून खाली किती ऊन पोचलं असेल याचं गणित मांडतो, आणि ते गणित बरोबर आलं की नाही हे ताडायला शेवटी जमिनीवर मोजलेलंच ऊन लागतं. आपल्या देशात हे मोजमाप ज्यांनी नीट बसवलं त्यांचं नाव अण्णा मणी. नाव ऐकून आपल्याकडे लोक पुरुष समजतात, तो वेगळाच विनोद.

जन्म १९१८, केरळातलं पीरमेड. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याचे कानातले पुढे केले तर पोरीने ते नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. पुढे बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या लॅबमध्ये हिरे आणि माणकांचा प्रकाश अभ्यासला, पाच पेपर एकटीच्या नावावर, प्रबंध लिहून दिला, आणि मद्रास युनिव्हर्सिटी म्हणाली एमएस्सी नाही ना, मग पीएचडी नाही. बाईंवर जे काही थोडंफार लिहिलं जातं ते सगळं या डिग्रीभोवतीच घुटमळतं आणि मला त्याचाच कंटाळा आलाय. अन्याय झाला, झालाच, पण त्यांचं खरं मोठं काम त्याच्या पुढे सुरू होतं आणि तिथपर्यंत लिहिणाऱ्यांचा दम पोचत नाही.

लंडनला जायचं होतं फिजिक्ससाठी, स्कॉलरशिप मिळाली हवामानाच्या उपकरणांची. १९४८ ला परत येऊन पुण्याच्या वेधशाळेत लागल्या, म्हणजे पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतात तिथे. तेव्हा साधीसाधी उपकरणंसुद्धा बाहेरून यायची. बाईंनी शंभरेक उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित करून ती इथल्या वर्कशॉपमध्ये बनवायला घेतली, हाताखाली शंभरावर पुरुष, आणि हे पन्नासच्या दशकात! १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात (अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायचा उपक्रम) त्यांनी देशभर सौर किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं.

आणि ऊन मोजणं म्हणजे छतावर थर्मामीटर ठेवणं नव्हे. पायरॅनोमीटर नावाचं यंत्र असतं, काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग, तो तापतो, त्या तापण्यातून अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, आणि त्यावरून किती ऊर्जा आली ते कळतं. काचेवर धूळ बसली, यंत्र जरा तिरकं बसलं, कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण यंत्राशी लावलेला मेळ, हललं की आकडा खोटा. शिवाय थेट येणारं ऊन वेगळं आणि ढगांमधून, हवेतून विखरून येणारं वेगळं, हे विखुरलेलं मोजायला यंत्रावर सूर्य झाकणारी पट्टी लावतात. ठाण्याच्या पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्याचं तोंड दिसत नाही तरी पॅनल थोडी वीज देतं ते या विखुरलेल्या उजेडावर. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा बाईंचा खाक्या होता. १९७६ ला रिटायर झाल्या आणि मग १९८० मध्ये भारतातल्या सौर किरणांच्या आकड्यांचं हँडबुक काढलं. वाऱ्याचंही तसंच काम केलं, शिवाय बंगलोरला उपकरणं बनवायचा कारखाना काढला. रिटायर होऊन!

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण शोध लावणाऱ्याला डोक्यावर घेतो आणि मोजणाऱ्याला कारकून समजतो. पॅनल कोणी बनवलं, प्लांटची फीत कोणी कापली, सबसिडी कोणी दिली, सगळ्यांचे फोटो छापून येतात. मोजणाऱ्याचं काम नीट झालं की ते तक्त्यातला एक आकडा होऊन बसतं आणि आकड्याला कोणी हार घालत नाही. त्यात मोजणारी बाई. २०२२ ला गुगलने डूडल केलं तेव्हा दिवसभर शेअर शेअर झालं, दुसऱ्या दिवशी सगळं थंड.

गंमत म्हणजे बाई असल्याचं कौतुक केलेलं बाईंना स्वतःला अजिबात खपायचं नाही. बाई आणि विज्ञान, यात एवढा गाजावाजा कसला, असा त्यांचा सूर. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. त्यांना गरज नसेल, आमच्या बिल्डिंगमधल्या इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलींना आहे.

त्या २००१ मध्ये गेल्या. त्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत असतील. तुमच्यापैकी कोणाचे वडील, आजोबा, काका सिमला ऑफिसात होते का? असतील तर त्यांना विचारा मणी बाई आठवतात का, कशा बोलायच्या, कशा रागवायच्या, आणि जे सांगतील ते खाली कमेंटमध्ये टाका, चार ओळी का असेनात.