उंच वाण पेरला म्हणून निंदणी सुटत नाही

‘सेंद्रिय शेतीत उंच, जुना वाण पेरा. तो तण आपोआप दाबतो. महिनाभर खुरपं शेतात नेऊ नका. बियाणंही कमी टाका, फुटवे (बुडातून फुटणाऱ्या नव्या काड्या) भरपूर येतात.’ हा निरोप गटागटांत फिरतोय. माझ्या मामांनी तो खरा मानून निंदणी पुढे ढकलली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक तो ‘महिनाभर’. गहू असो की भात, खरी उंची येते ती कांड्या लांबायला लागल्यावर. सुरुवातीला उंच काय नि बुटका काय, दोन्ही वीतभरच असतात, आणि नुकसान होतं ते नेमकं तेव्हाच. पिकाबरोबर उगवलेलं तण नत्र, ओल, उजेड सगळ्यात वाटेकरी होतं. पुढे पीक तणाच्या डोक्यावर गेलं, तरी मेलेले फुटवे परत येत नाहीत. हरळी आणि लव्हाळा तर जमिनीखालच्या साठ्यावर पुन्हा उठतात, त्यांना सावलीने मारायची भाषा करूच नका.

जुन्या वाणांबद्दलचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, ते नाकारता येत नाही. ऑस्ट्रेलियात वागा वागा इथे तणशास्त्रज्ञ लेमर्ल आणि सहकाऱ्यांनी गव्हाचे सुमारे २५० वाण आणि वंश रायगवत या तणाबरोबर वाढवून पाहिले. तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. १८८० ते १९५० मधल्या वाणांनी तण नव्यांपेक्षा जास्त दाबलं. पण का? उंची हे एक कारण; त्याबरोबर सुरुवातीची जोमदार वाढ, भरपूर फुटवे आणि पसरलेली पानंही होती.

म्हणून वाण निवडताना पेरणीनंतर तीनेक आठवड्यांनी वाकून दोन ओळींच्या मधे बघा. पहिली पानं रुंद, आडवी पसरलेली आहेत, की अरुंद आणि ताठ उभी? जितकी माती कमी दिसेल तितका वाण कामाचा. शेजारी शेजारी दोन वाण पेरले तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

शिवाय उंच पीक भारी जमिनीत लोळतं, म्हणजे आडवं पडतं. लोळलं की वरून उजेड आत येतो आणि खालचं तण उसळतं.

आणि कमी बियाणं? साफ उलटा सल्ला. विरळ पेरलं की फुटवे येईपर्यंत मोकळी जमीन तणाला आंदण. तणाच्या रानात बियाणं थोडं जास्तच लागतं, आणि ओळी जवळ घेतल्या तर जमीन लवकर झाकते. फक्त ओळींमधलं तण काढणारं कोळपं फिरेल एवढी जागा ठेवा.