कोकणासाठी 160 मिलिमीटरच हवं, असं कोण म्हणतं?

कोकणातल्या सायकलवाल्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे डांबर, कातळ, पाखाडी, वाळू सगळंच आहे, तेव्हा एकच फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्ही चाकांना शॉक असलेली) सायकल घ्यायची तर 160 मिलिमीटर ट्रॅव्हलच्या खाली बघूच नका. डांबरावर लॉकआउट मारला, म्हणजे शॉक कडक करून टाकला, की तीच रोड सायकल होते. तेवढे पैसे नसतील तर वीस हजारांतली डबल शॉकअपवाली घ्या, काम तेच करते. आणि फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असली की खाऱ्या हवेची चिंता नको. हे वाचून पोरं लाखांच्या घरातले पैसे मोडायला निघाली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात चुकीचा. ट्रॅव्हल म्हणजे खड्ड्या-दगडावर चाक किती वर-खाली होऊ शकतं तो आकडा. सायकल किती ठिकाणी चालेल हे त्यातून कळत नाही. साधारण 100 ते 120 मिलिमीटर क्रॉस-कंट्रीचं (चढ-उतारावर वेगाने लांब जायचं), 120 ते 150 ट्रेलचं (पायवाटांवर सगळं थोडंथोडं), 150 ते 170 एन्ड्युरोचं. एन्ड्युरो सायकल बांधलेली असते ती जोरात, खडबडीत आणि लांब उताराला. तिचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) जास्त पडता म्हणजे पुढे कललेला, हेड अँगल (त्याचा जमिनीशी होणारा कोन) 63-64 अंशांच्या आसपास, दोन चाकांतलं अंतरही जास्त. वेगात त्यामुळेच ती स्थिर राहते.

आता आपल्याकडचा रस्ता बघा. रेवस ते रेड्डी सागरी मार्गावर कुठेही जा, खाडीला उतरायचं आणि परत सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढायचं, हाच खेळ. दाभोळहून फेरीने धोपाव्याला या नाहीतर जयगडहून तवसाळला, जेटीवर तुम्ही समुद्रसपाटीला असता आणि पुढचा गाव सड्यापलीकडे. उतार असतात, पण आखूड. त्यातही वाडीत शिरणारी पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), आणि मध्येच काटकोनात वळण. तिथे वेग नसतोच. लांबलचक सायकलचं पुढचं चाक वळणात गडग्याला टेकतं आणि पाय खाली टाकावा लागतो. तीच अडचण चढावर: सावकाश चढताना पडत्या फोर्कचं चाक सरळ रेषेत ठेवायला हात सतत झुंजत राहतात.

वजनाचा मात्र फार बाऊ करू नये. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो धरले तर दोन-अडीच किलो जास्त म्हणजे चढाला जेमतेम तीन टक्के जास्त कष्ट. खरा फरक पडतो तो बसण्याच्या कोनाने. सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन 76 अंशांच्या पुढे असेल तर उभ्या चढावर वजन पुढे राहतं आणि पुढचं चाक उचलत नाही. विकत घेताना ट्रॅव्हलच्या आधी हा आकडा बघा. माझ्या मते कोकणातल्या मिश्र वापराला मागे 120 ते 140 आणि पुढे 130 ते 150 मिलिमीटर पुरून उरतं. गाडीत सायकल टाकून घाटमाथ्यावर जायचं आणि फक्त मोठ्या दगडधोंड्यांतून खाली उतरायचं, असा ज्याचा दर रविवारचा बेत आहे, त्याने खुशाल 160 घ्यावी. पण तो सगळीकडचा वापर नव्हे.

आणि कितीही ट्रॅव्हल घेतलं तरी ते लावलं कसं यावर सगळं आहे. मागच्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर रबराची छोटी रिंग असते. नेहमीचं सामान पाठीला लावून सायकलवर बसा, रिंग सीलपर्यंत सरकवा, धक्का न देता उतरा. रिंग जेवढी सरकली तेवढा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉक जेवढा बसतो तेवढा. शॉकचा स्ट्रोक (दांडा जास्तीत जास्त जेवढा आत जातो) 55 मिलिमीटर असेल तर रिंग साधारण 15 ते 16 मिलिमीटरवर थांबायला हवी, म्हणजे तीस टक्क्यांच्या जरा आत. आठ-दहावरच थांबली तर हवा जास्त आहे. साठ किलोच्या मुलाने ऐंशी किलोच्या मित्राच्या प्रेशरवर 160 ची सायकल चालवली तर त्यातलं बरंचसं ट्रॅव्हल कधी वापरलंच जात नाही, आणि मग तो म्हणतो सायकल कडक आहे. शॉक पंप सायकलसोबतच घ्या.

टायरबद्दल त्या मजकुरात एक शब्द नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण जुलैत सड्यावर शेवाळ धरलं की सस्पेन्शन तुम्हाला वाचवत नाही, टायरचं रबर वाचवतं. पावसात जांभ्यावर जो हिरवट काळा थर येतो, त्यावर ब्रेक लावला की चाक फिरायचं थांबतं, सायकल थांबत नाही. मऊ रबराचा, 2.4 इंच रुंदीचा टायर पुढे हवा, ट्यूबलेस करून, हवा पंचवीस पीएसआयच्या आसपास. हलक्या स्वाराने अजून थोडी कमी. उन्हाळ्यात हाच जांभा कोरडा आणि धारदार होतो, त्याच्या छिद्रांच्या कडा टायरच्या बाजू कापतात, म्हणून साइडवॉल जाड हवी. सीलंटही (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. सड्यावर सायकल घालताना एवढं पाळा: उक्षी, कशेळी, बारसूची कातळशिल्पं जमिनीतच कोरलेली आहेत, 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांच्यावरून चाक जाता कामा नये.

लॉकआउटचा मुद्दा लवकर आटोपतो. लॉकआउटने पेडल मारताना होणारं हिंदकळणं कमी होतं, बस. जाड टायरचं घर्षण, वजन, भूमिती सगळं तिथंच राहतं. महिन्यातली बरीचशी राइड डांबरावरच होणार असेल तर फुल सस्पेन्शनची गरजच पुन्हा तपासा.

डबल शॉकअपच्या स्वस्त सायकलीबद्दल मात्र स्पष्टच बोलतो. घेऊ नका. चांगल्या शॉकमध्ये स्प्रिंग किंवा हवा धक्का झेलते, आणि आतलं तेल बारीक वाटांतून जाताना तो धक्का जिरवतं. दाबला गेलेला शॉक किती वेगाने परत वर येणार, हे त्या तेलामुळे ठरतं. स्वस्त सायकलीत नुसती स्प्रिंग असते. दाबली की तितक्याच जोरात उसळी मारते, आणि पाखाडीच्या तिसऱ्या पायरीला मागचं चाक हवेत असतं. वर अठरा-वीस किलो वजन आणि जोडांत लवकर खेळ येणारे बुश. त्यापेक्षा अजून थोडे पैसे साठवून एअर फोर्क (हवेवर चालणारा) आणि हायड्रॉलिक ब्रेकची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल, घ्या. ती कोकणात कितीतरी पुढे जाते.

राहिली खारी हवा. अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज चढत नाही, हे बरोबर. पण मिठाने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि खड्डे पडतात. बहुतेक चांगल्या फोर्कचे खालचे पाय मॅग्नेशियमचे असतात, तेही रंग उडाला की खाऱ्यात खातात. आणि लिंकेजमधले (मागचं चाक शॉकला जोडणाऱ्या सांध्यांमधले) बेअरिंग, बोल्ट, चेन पोलादीच. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या भागाच्या) वरच्या खोबणीत लाल चिखल जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो, आणि लिंकेजचं खालचं बेअरिंग आधी जातं. ओहोटीला ओल्या वाळूवर चालवलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, बादली आणि ब्रशने. प्रेशर वॉशर बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांच्या हंगामात वाळूवर सायकल नेऊच नका.

सर्व्हिसचे आकडेही लक्षात घ्या. फोर्कच्या खालच्या पायांचं तेल साधारण 50 तासांनी बदलायचं असतं, पूर्ण सर्व्हिस शंभर-दोनशे तासांत. पावसाळाभर चालवणाऱ्याने त्याआधीच. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला अडकतो तो तुकडा) आणि पिव्होट (सांध्यांच्या) बेअरिंगचा संच तुमच्याकडे मिळतो का, शॉकचे सील कोण बदलतं, आणि शॉक मुंबई-पुण्याला पाठवावा लागला तर परत यायला किती दिवस. उत्तर गोलमोल आलं तर 140 ची असो वा 160 ची, ती सायकल सोडा आणि दुसरी बघा.