‘पहिल्या’ हा शब्द मी का काढत नाही

स. न. वि. वि.

कठीण काळात देशाच्या कामी आलेल्या स्त्रियांवरील माझ्या लेखाबद्दल आपले दोन आक्षेप आहेत. ‘पहिल्या महिला’ असे बिरुद लावले की काम मागे पडून बाईपण पुढे येते, हा पहिला. आणि सैन्यातील अधिकाऱ्यांच्या पंक्तीला नागपूरच्या पहिल्या महिला खासदार अनसूयाबाई काळे व सैन्यातील एक निवृत्त परिचारिका यांना बसवणे अस्थानी आहे, हा दुसरा. आपण स्वतः सैन्यात नोकरी केली आहे, म्हणून आपले म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देते. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनात विदर्भातील चिमूर आणि आष्टी ही गावे पेटून उठली, त्यात सरकारी माणसे मारली गेली आणि मागाहून आलेल्या फौजेने चिमूरच्या बायकांवर अत्याचार केले. पुढे खटल्यांत ज्यांना फाशी सुनावली गेली, त्यांचे प्राण वाचावेत म्हणून अनसूयाबाई झटल्या. त्यांपैकी सात जणांची फाशी १९४५ मध्ये रद्द होऊन त्यांना जन्मठेप झाली. अनसूयाबाईंच्या अंगावर गणवेश नव्हता हे खरे, पण नुसते बोलणाऱ्यालाही तुरुंग दाखवला जात होता अशा दिवसांत हे काम झाले आहे, आणि त्याला देशसेवा म्हणायला मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. नागपूरने त्यांना १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये लोकसभेवर पाठवले. १९५८ मध्ये त्या गेल्या आणि त्यानंतर आजतागायत या शहरातून एकही स्त्री लोकसभेवर निवडून गेलेली नाही. म्हणजे आपल्याकडची पहिली तीच अजून शेवटचीही आहे. ‘पहिल्या’ हा शब्द गाळला, तर ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येणार नाही.

माझ्या लेखी हा शब्द कौतुकाचा नसून नोंदीचा आहे: कोणते दार, किती काळ आणि कोणाच्या हुकमाने बंद होते, याची नोंद. सैन्यात वैद्यकीय व परिचर्या सेवा वगळता इतर शाखांमध्ये स्त्रियांना अधिकारी म्हणून १९९२ पासून घेऊ लागले, तेही ठरावीक वर्षांच्या बोलीवर. कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याच्या हक्काचा, प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मनापासून मानणार नाहीत, असाही युक्तिवाद सरकारतर्फे झाला. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने तो फेटाळला. कारगिलच्या आकाशात स्त्रियांनी चीता हेलिकॉप्टरे उडवली त्याला तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती.

आता परिचारिकेविषयी. लष्करी परिचर्या सेवेतील स्त्रियांना १९४३ च्या अध्यादेशापासून कमिशन आहे, त्यामुळे त्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीला बसल्या नसून त्या अधिकारीच आहेत. धंतोलीत राहणाऱ्या या बाई १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या एका लष्करी रुग्णालयात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी कपाटातून एक छोटे घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवले. ते छातीवर पिनेने उलटे टांगायचे, म्हणजे मान खाली घातली की तबकडी आपल्याला सुलट दिसते आणि दोन्ही हात जखमी माणसासाठी मोकळे राहतात. घड्याळ बंद पडले आहे. सेकंदकाट्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “नाडी यावरच मोजायची. रात्री उजेड कमी असायचा, म्हणून काच रोज पुसून ठेवायची.” युद्धाबद्दल याहून अधिक त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही.

एका बाबतीत मात्र आपण मला योग्य जागी धरले आहे. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी ‘महिला असूनही’ असे लिहिले होते. या दोन शब्दांत कामाआधीच कमीपणा गृहीत धरलेला आहे, आणि शाल-श्रीफळाच्या समारंभांत ते इतक्यांदा ऐकू येतात की लिहिताना माझ्याही हाताला खटकले नाहीत. ते आज काढून टाकले आहेत. ‘पहिल्या’ हा शब्द मात्र होता तिथेच ठेवला आहे.