छत्तीसची पँट

गेली १८ वर्षं मी ३६ ची पँट घालतो. बँकेत चिकटलो तेव्हा ३० लागायची, लग्नानंतर ३४ झाली आणि मुलगी बालवाडीत गेली त्या वर्षी ३६. तिथून मी हललो नाही. बरोबरीचे लोक चाळीस-बेचाळीसवर गेले, मुदत ठेवींचे व्याजदर वर जाऊन खाली आले, मी आपला जागच्या जागी. लक्ष्मी रोडच्या दुकानात मी पँट घालूनही बघत नसे. "छत्तीस द्या" म्हणायचं आणि पैसे मोजायचे.

हा ताठा आषाढात उतरला. वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर ९७ आली. शंभरच्या आत म्हणजे पास. मी रिपोर्टची घडी घालणार, तोच डॉक्टर मॅडमनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. एचबीएवनसी ६.१.

"तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद केलं होतंत का?"

केलं होतं. चार नव्हे, पाच दिवस.

मग त्यांनी समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं सांगतो. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यात मी. बँकेतल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. उपाशीपोटीची साखर म्हणजे ३१ मार्चची शिल्लक, इकडून तिकडून आणून दाखवता येते. ही तिमाही सरासरी निघाली. "एक दिवस भरून चालत नाही, साहेब," हे वाक्य मी काउंटरवरून किती जणांना ऐकवलं असेल!

"कंबर किती?"

"छत्तीस."

"पँटचं नाही विचारलं मी."

घरी आल्यावर हिने शिवणाच्या डब्यातली टेप काढली. पिवळी, टोकाची पत्र्याची पट्टी केव्हाच निखळलेली. मी सवयीने ती पट्ट्याच्या रेषेवर धरली.

"तिथे नाही, बाबा," मुलगी मोबाइलमध्ये बघून म्हणाली. "शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या बरोबर मध्ये."

या दोन्ही वस्तू शोधायला थोडा वेळ गेला, कारण बऱ्याच वर्षांत त्यांची गाठभेट नव्हती. जागा सापडली ती पट्ट्याच्या चांगली चार बोटं वर. मी श्वास आत ओढला. ही टेप धरून उभी. काही बोलेना. कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.

"अहो, सोडा आता. मला पोळ्या करायच्यात."

श्वास सोडूनच मोजायचं असतं म्हणे. सोडला. पोट सुस्कारा टाकून टेपवर येऊन बसलं. ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा ९० ची, बायकांना ८० ची. हिने लगेच टेप गुंडाळून डब्यात ठेवून दिली, हे मी लक्षात ठेवलं आहे.

९८ सेंटिमीटर म्हणजे साडेअडतीस इंच. मग ३६ ची पँट बसत कशी होती? तर कंबर थांबली नव्हती, पँट खाली सरकत गेली होती. दर दिवाळीला थोडी थोडी. पोट तिच्या हद्दीबाहेर पडलं आणि मी १८ वर्षं हद्दीच्या आतलंच मोजत राहिलो.

"पण मी जाड कुठे आहे? ५ फूट ६ इंच, ७० किलो!" मी शेवटचा बचाव केला. त्यावर मुलीने एक फोटो दाखवला. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर. एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. २००४ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वरून सडपातळ, आतून लोण्याचा गोळा, असा आपला भारतीय बांधा आहे. हे जगाला पुण्यातल्या माणसाने सांगितलं याचा मला क्षणभर अभिमानच वाटला. मग पोटाकडे लक्ष गेलं.

दुसऱ्या दिवसापासून हिने एक वही केली. जे खाल ते लिहा. मी रकाने आखले, कारण त्याशिवाय मला लिहिता येत नाही. पहिल्याच दिवशी चहा उघडा पडला. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. म्हणजे सगळे मिळून सहा चमचे. बँकेतल्या चार वाजताच्या चहाच्या आधीच माझी मर्यादा संपत होती, पुढचा सगळा ओव्हरड्राफ्ट. शिवाय 'मुलीच्या ताटात उरलं', 'शेजाऱ्यांनी दिलं', 'नुसतं चाखलं' ही मंडळी कुठल्याच खात्यात बसेनात. त्यांना मी सस्पेन्स अकाउंटला टाकलं. महिन्याअखेर सगळ्यात फुगलेलं खातं तेच निघालं.

त्यात आषाढी आली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात बटाटा, दाण्याचं कूट, वर चिमूटभर साखर. "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हणणाऱ्याला एचबीएवनसी ठाऊक नव्हतं, पण निदान अचूक होतं. मी अर्धीच वाटी घेतली. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी धर्म बदलतोय.

व्यायामासाठी पर्वती ठरली. सहकारनगरातून चालत दहा मिनिटं. आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालावं असं शास्त्र सांगतं. मी त्यात बूट शोधायची मिनिटंही धरली. दहा हजार पावलांचा आग्रह मात्र मी नाकारला. तो आकडा कुठल्या ऋषीने दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर'. शिवाय आमच्या भागातून स्कूटरवर नुसती चक्कर मारली तरी खड्ड्यांच्या कृपेने फोन तीन-चारशे पावलं जमा करतो.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. पानिपतच्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पेशवे १७६१ साली पर्वतीवरच गेले. मला ६० व्या पायरीवर त्यांची आठवण झाली. कठड्याला टेकून मी पुण्याचं सौंदर्य न्याहाळत असल्यासारखं करत होतो. मागून एक पंचाहत्तरीचे काका आले, हातात काठी, ती नुसती मिरवायला.

"पहिला दिवस?"

"हो."

"बोलता येतंय ना? मग चाला. गाणं म्हणता आलं तर मात्र तुम्ही चालत नाही आहात, फिरताय." आणि पुढे गेले. दमदार चालण्याची ही खरी परीक्षा आहे असं डॉक्टर मॅडमही नंतर म्हणाल्या.

त्याच काकांनी मला खाली उतरल्यावर त्यांच्या घोळक्यात ओढलं. स्टीलच्या डब्यांतून कारल्याचा, आवळ्याचा, दुधीचा रस विकणारा असतो, तिथे सगळे तोंडं वाकडी करत ग्लास रिकामे करतात. (दुधी कडू लागला तर तो रस थुंकून टाकावा, त्याने माणूस दवाखान्यात पोचतो. हेही काकांनीच सांगितलं.) इथपर्यंत आरोग्य. मग कुणीतरी म्हणतं, "तोंड कडू झालं बुवा," आणि घोळका समोरच्या हॉटेलात मिसळीला शिरतो. पहिल्या आठवड्यात मी वहीत रस लिहिला आणि मिसळ सस्पेन्सला टाकली. दुसऱ्या आठवड्यात हिने वहीचा वास घेतला. पानावर तर्री सांडली होती.

गणपतीत मोदक चारच खाल्ले. नैवेद्याचा धरला तर पाच.

दिवाळीच्या आधी पुन्हा तपासणी. ५.९, कंबर ९५. डॉक्टर मॅडम फक्त "चालू ठेवा" म्हणाल्या, पण मी हवेत. बँकेत उभं राहिलं की पँट घसरायला लागली, म्हणून दुपारी कोपऱ्यावरच्या चांभाराकडे पट्टा काढून दिला. पँट एका हाताने धरून रस्त्यात उभा राहिलो.

"भोक पाडायचंय."

त्याने पट्टा मोकळ्या टोकाकडून धरला, आरी लावली. "सैल करायचा ना?"

"नाही हो. घट्ट."

त्याने मान वर करून आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. पट्टा फिरवला, एक भोक आतल्या बाजूला पाडलं. मी पैसे काढायला लागलो, तर त्याने पट्टा पुन्हा उलटा फिरवला.

"थांबा, या बाजूलाही एक पाडून ठेवतो. दिवाळी आलीये. त्याचे पैसे नकोत."