आजोळी येऊन काढलेला सिनेमा

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कडाक्याचा वाद झाला. देवाधर्माच्या माणसांवर नाटक-सिनेमात विनोद करावा का, हा विषय. करावा, असं मी इथून, आयर्लंडमधून, लिहिलं. लगेच एका वर्गमित्राचं उत्तर आलं, "तुझं काय जातंय, तू तिकडे बसून बोलतेस." फार लागलं ते. मी उत्तरादाखल एका सिनेमाचं नाव पाठवलं. ग्रुपवर एकानंही तो पाहिलेला नव्हता.

तो सिनेमा म्हणजे 'कॅल्व्हरी', २०१४ चा. मार्टिन मॅकडोनाचा 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' ऑस्करच्या गाजावाजामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिला. 'कॅल्व्हरी' त्याच्या थोरल्या भावाचा, जॉन मायकलचा. दोघंही लंडनमध्ये जन्मलेले, आईवडील आयर्लंड सोडून तिकडे गेलेले. आईचं माहेर स्लायगो परगण्यातलं ईस्की, आणि सिनेमाचं चित्रण बरंचसं त्याच भागात झालं. म्हणजे गडी आजोळी येऊन इथल्या चर्चबद्दल बोलला. 'तू तिकडचा' हे त्यालाही म्हणता आलं असतं.

मी स्लायगोतच राहते. सिनेमातला बेनबुल्बेनचा सपाट माथ्याचा डोंगर मला कामावर जाताना दिसतो.

सुरुवातीला पडद्यावर फक्त फादर जेम्स, म्हणजे ब्रेंडन ग्लीसनचा थोराड, दाढीवाला चेहरा. पापांची कबुली ऐकायला ते बसलेत. जाळीपलीकडून आवाज येतो. सात वर्षांचा असताना एका पाद्रीनं अत्याचार सुरू केले, वर्षानुवर्षं केले, असं तो माणूस सांगतो. फादर म्हणतात, सुरुवात तर हादरवणारी आहे. आपल्याला हसू फुटतं, आणि पुढच्याच क्षणी त्या हसण्याची लाज वाटते. तो पाद्री आता मेलाय. वाईट पाद्रीला मारून कुणाला काय वाटणार? म्हणून हा माणूस चांगल्या पाद्रीला मारणार आहे, ह्याच फादर जेम्सना, येत्या रविवारी. आवराआवर करायला आठवड्याची मुदत.

मी तो माझ्या घरमालकीणबाईंबरोबर पाहिला. वय सत्तरीपुढचं, रोज सकाळी चर्चला जाणाऱ्या. विनोदांना त्या माझ्याआधी हसत होत्या. मग एक साधा प्रसंग येतो. रस्त्यावर फादरना एक लहान मुलगी भेटते, दोघं गप्पा मारत चालू लागतात. तेवढ्यात मागून गाडी येते. मुलीचा बाप उतरतो, फादरवर डाफरतो, तिला गाडीत कोंबतो आणि निघून जातो. फादरनं काहीही केलेलं नसतं. बाईंनी रिमोट उचलून सिनेमा थांबवला. "असंच झालं इथं," म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा सुरू केला.

चर्चच्या संस्थांमध्ये मुलांचे काय हाल झाले, हे २००९ च्या रायन अहवालानं ह्या देशासमोर मांडलं. त्याच वर्षी इथं धर्मनिंदेला २५,००० युरोंपर्यंत दंडाचा कायदाही झाला. सार्वमतानं राज्यघटनेतून धर्मनिंदेचा गुन्हा काढला तो २०१८ मध्ये. म्हणजे 'कॅल्व्हरी' आला तेव्हा तो कायदा जागेवर होता, तरी सिनेमावर खटला झाला नाही. त्या कायद्याखाली कुणावरच झाला नाही.

मित्राच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे एका विनोदावरून दगडफेक होते आणि काच फुटते ती गरिबाच्या टपरीची. इथं बसून मला त्याची झळ लागत नाही. शिवाय इथल्या चर्चमध्ये रविवारी रिकामी बाकं दिसतात तेव्हा मला आपली वारी आठवते, अनोळखी माणसाच्या हातावर भाकरी ठेवणारी. ती सोबत इथं विरत चालली आहे, आणि सिनेमातलं गावही त्याच एकटेपणानं पोखरलेलं आहे. डॉक्टर, खाटीक, पैसेवाला, जो तो फादरना टोचून बोलतो, आणि रडायला मात्र कुणाकडे जावं ते कुणालाच ठाऊक नसतं.

पण विनोद आपल्या मातीत नाही, हे मी मानणार नाही. देवीच्या जत्रेत तमाशाच्या गवळणीत मावशी प्रत्यक्ष कृष्णाशी हुज्जत घालते आणि बायाबापडे खदाखदा हसतात. भोंदू साधूंना तुकोबांनी झोडपलं ते अभंगांतूनच. 'कॅल्व्हरी'चा विनोद मला त्याच जातीचा वाटतो. तो श्रद्धेवर नाही, श्रद्धेच्या आड जे दडवलं त्यावर आहे. म्हणून तर दिग्दर्शकानं मध्यभागी भला पाद्री ठेवला. खलनायक पाद्री दाखवला असता तर दोन शिव्या घालून आपण मोकळे झालो असतो.

शेवट सांगत नाही. फादरचा एक लाडका कुत्रा आहे, ब्रुनो. तो मारला जातो. शेवटाकडे फादरना विचारलं जातं: कुत्रा मेला तेव्हा रडलास ना? मग पेपरात त्या मुलांबद्दल वाचलंस, तेव्हा रडलास का?

हा प्रश्न ऐकून बाई खूप वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळी चर्चला गेल्या.