रावेरला चक्रीवादळ?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीबागा ‘चक्रीवादळाने’ आडव्या झाल्या, असं एका लेखात आहे. शब्द चुकला. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं. हवामान खातं वारा ताशी 62 किमी झाल्यावरच ते नाव देतं. ‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन या इंग्रज जहाजकप्तानाने 1848 मध्ये कोलकात्यात बसून ग्रीकवरून घडवला, अर्थ सापाचं वेटोळं. मे महिन्यात आपल्याकडे येतो तो वळवाचा वादळी वारा. अर्ध्या तासात खेळ खलास! वावटळ तर त्याहून किरकोळ, धूळ-पाचोळा फिरवणारी. केळी मोडते कारण तिचं खोड म्हणजे पानांच्या बुडांची गुंडाळी, लाकूड नाहीच; त्यात वीसेक किलोचा घड एकाच बाजूला. टेकू घड झुकतो त्या बाजूला लावा.