बाटलीतली गोगलगाय आणि आमचं सोयाबीन

लातुरात "बीएस्सी करतेय" असं सांगितलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. घरात कुणी गेल्यासारखं विचारतात, "नीट नाही लागली व्हय?" नाही लागली ती मेडिकलची परीक्षा. एक वर्ष ड्रॉप घेऊनही नाही लागली. म्हणून सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी घेतलं, उगीच लपवायचं कशाला!

पण मला सांगायचंय ते 2022 च्या पावसाळ्याचं. मी सेकंड इयरला होते. त्या वर्षी लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनचा फडशा पाडला. दोन-चार पानांवर आलेलं पीक रात्रीत गायब. दिवसा त्या बांधाच्या दगडाखाली, काडीकचऱ्यात दडून बसायच्या आणि अंधार पडला की बाहेर. आम्ही भल्या पहाटे बादल्या घेऊन वेचायचो, मिठाच्या पाण्यात टाकायचो.

आबा म्हणाले, "तू हेच शिकायलीस ना? मग यातल्या माद्या दाखव, तेवढ्याच वेचू."

मी खरंच माद्या शोधत बसले. कारण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी पायला, म्हणजे गोड्या पाण्यातली गोगलगाय काढली होती, आणि पायलात नर-मादी वेगळे असतात. रात्री मोबाइलवर वाचलं तेव्हा कळलं की ही आफ्रिकेतून आलेली शंखी उभयलिंगी असते. म्हणजे प्रत्येकच अंडी घालू शकते, आणि एका खेपेला शंभरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग झालं कल्याण!"

दहा-बारा गोगलगायी पेढ्याच्या डब्यात घालून कॉलेजात नेल्या. मॅडमनी कौतुकानं बघितल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत गं, पण सिलेबसला पायला आहे." प्रॅक्टिकल परीक्षेत नमुने ओळखायच्या स्पॉटिंगला पायलाच आली, फॉर्मेलिनमध्ये पिवळी पडलेली. फायलम मोलुस्का, क्लास गॅस्ट्रोपोडा लिहिलं, मार्क मिळाले. बाहेर तीच गॅस्ट्रोपोडा अख्ख्या तालुक्याला दुबार पेरणी करायला लावत होती.

मला मॅडमचा राग नाही. माझा राग या समजावर आहे, की बीएस्सी म्हणजे नीटच्या चाळणीतून खाली पडलेला भुसा. मुलं तसं समजतात, पालक समजतात, आणि कॉलेजंही तसंच शिकवतात. तीन वर्षांत आम्हाला एकदाही शेतावर नेलं नाही. ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला आमच्या बांधापलीकडं उगवतो. हिरवीगार पानं असूनही परजीवी! बॉटनीत त्याचं नाव पाठ केलं. बघितला मात्र आबांच्या बोटामागं.

गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाकली की गोगलगायी त्याखाली गोळा होतात, हेही मला कॉलेजनं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. का गोळा होतात, ते मात्र मी काकूंना सांगू शकले. ओल, सावली आणि गुळाचा वास. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा मी बीएस्सी केली.

या जूनला पहिल्या पावसानंतर आबांनी बांधाकडची माती उकरली आणि हाक मारली. ढेकळाखाली साबुदाण्यासारखी पांढुरकी अंडी.

"ही कोणत्या पेपरला?" म्हणाले.